कपाचा कान

मनीने कपाचा कान धरला आणि उपटून काढला.

वर्गातली सगळी मुलं वळून बघायला लागली. माती अजून ओलसर होती म्हणून कप फुटला नाही, पण कानाचे दोन तुकडे होऊन टेबलावर पडले. मोठा देखणा कान होता तो. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं, कारण काल संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर तो त्यांनीच बसवला होता.

"अगं, हे काय केलंस? आज कप घडवायचा शेवटचा दिवस. उद्यापासून कप सुकायला ठेवायचे, मग भट्टी."

"हा माझा कान नव्हता," मनी म्हणाली.

बाईंना शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. दर सुट्टीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या मातीकामाचा वर्ग घेत. बारा मुलं, बारा कप. सुट्टी संपताना प्रत्येकाने आपला कप घरच्या एका माणसाला भेट द्यायचा. रोज वर्ग सुटला की बाई कपांवर ओली फडकी घालत आणि घालता घालता हात फिरवत. कुणाचा काठ वर-खाली असेल तर सारखा करत, कुणाचं बूड डुगडुगत असेल तर बसतं करत. मुलांना सांगत नसत. पोरांचा हिरमोड कशाला करायचा? भाजलेले कप न्यायला आलेले पालक ते हातात घेऊन म्हणत, "बाई, तुमच्या हाताखाली गाढवाचाही घोडा होतो!" तेवढं ऐकायला त्यांना आवडायचं.

मनीच्या कपाला मात्र नुसता हात फिरवून भागणार नव्हतं. तिने कान नको तितका खाली लावला होता, नको तितका रुंद केला होता, आणि वर अंगठा बुडेल एवढा खळगा ठेवला होता. "मनी, तुझ्या कपाला गालगुंड झालंय!" असं जाड्या म्हणाला तेव्हा सगळा वर्ग खिदळला होता. मनी हसली नाही आणि रडलीही नाही. बोलणं कमी, पाऊल न वाजवता येणं-जाणं, म्हणून तर तिला मनी म्हणत. घरून तिने रुमालात गुंडाळून मातीचा एक चुरगळलेला गोळा आणला होता. कान करताना ती सारखी त्याच्याकडे बघायची. काल आवराआवर करताना बाईंनी तो भिजत्या मातीच्या बादलीत टाकला होता.

"माझा गोळा कुठाय?" मनीने विचारलं.

बाईंनी बादलीकडे पाहिलं. मनीनेही पाहिलं. वर पाणी होतं, खाली चिखल.

"कप चांगला दिसावा म्हणून केलं गं," बाई म्हणाल्या. "तुझा कान वाकडा होता. असा कप कुणाला धरता तरी येईल का?"

मनीने खिडकीतला बाईंचा अर्धा भरलेला चहाचा कप उचलला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"बाई, अंगठ्याशेजारची दोन बोटं मिटा. आता धरा."

बाईंनी धरला. उरलेल्या दोन बोटांना कान पुरेना, अंगठ्याला टेकायला जागा मिळेना. कप कलला आणि गार चहा त्यांच्या एप्रनवर सांडला.

"बाबांची ती दोन बोटं मशीनमध्ये गेली," मनी म्हणाली. "पाहुणे आले की ते म्हणतात, मी चहा सोडलाय. आणि पाहुणे गेले की दोन्ही हातांत पेला धरून दोनदा पितात. सुट्टी संपताना सगळे पाहुणे आमच्याकडे जमणारेत. तो गोळा त्यांच्या मुठीचा होता. झोपले होते तेव्हा मी दाबून घेतला."

"मग आज परत घे की," जाड्या म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

"कामावर बाहेरगावी गेलेत. परवा येतील."

बाईंनी एप्रन पुसला नाही. मातीचा एक मऊ गोळा मळून त्यांनी मनीला दिला, स्टूल ओढून बसल्या, दोन बोटं मिटली आणि हात टेबलावर ठेवला.

"बाबांचा हात केवढा आहे?"

"तुमच्यापेक्षा मोठा. अंगठा एका पेराने लांब."

"मग तेवढं वाढवून धर. मी हलत नाही."

मनीने गोळा त्यांच्या मुठीत दाबला, काढून बघितला, पुन्हा दाबला. बाईंची मिटलेली बोटं आखडून गेली. मग मनीने नवा कान वळला आणि कपाला चिकटवायला घेतला. एका बाजूला सांधा उघडा राहतोय हे बाईंना दिसलं, आणि त्यांचा मोकळा हात आपसूक पुढे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"सांध्याकडे बघ," त्या एवढंच म्हणाल्या. मनीने बोट ओलं करून सांधा बुजवला.

तासाभराने कान बसला. खाली, रुंद, वर खळगा असलेला. बाईंनी दोन बोटं मिटून हलक्या हाताने तो धरून पाहिला. हात त्यात अलगद बसला.

जाड्या आपला कप घेऊन त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला होता. तो कपाच्या काठावरून सावकाश बोट फिरवत होता.

"बाई, मी काठाला एक खाच ठेवली होती. आजोबांच्या मिशा चहात बुडतात ना, म्हणून. ती कुठे गेली?"

बाईंनी त्याच्या हातातल्या कपाकडे पाहिलं, मग फळीवरच्या रांगेकडे. मनीचा सोडला तर अकरा कप, सगळे एकसारखे सुबक. अकराच्या अकरा बाईंचे होते.