भोंग्याचा ससा

"आई, हे सगळं टाकून पळून जावंसं वाटतं का गं तुला कधी?"

मोठीने हे भर जिन्यात विचारलं, हातात व्हायोलिनची पेटी सांभाळत. शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. प्रत्येकीने आपल्या आईला हे विचारायचं आणि उत्तर न हसता ऐकायचं.

आईच्या कडेवर दोन वर्षांचा धाकटा होता. घरात त्याला भोंगा म्हणत, आणि ते नाव त्याने स्वकष्टाने मिळवलं होतं.

"वाटतं ना," आई म्हणाली. "मंगळवारी आणि शुक्रवारी. साडेचार ते सहा."

मोठी हसली नाही. पैज जिंकली.

"मग क्लासला नेतेस कशाला आम्हाला?"

"किती वेळा सांगितलंय, तू वाजवतेस ना, ते कानावर पडलं की माझे पाय दुखायचे थांबतात. चल आता, उशीर होतोय."

आई पहाटे पाचपासून लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असे. मुलांचा संगीताचा क्लास गाठता यावा म्हणून तिने ती पाळी मागून घेतली होती. नऊ वर्षांचा मधला की-बोर्ड शिकत होता. मोठी क्लासनेच वापरायला दिलेलं व्हायोलिन वाजवायची, आणि येत्या रविवारी तिची परीक्षा होती.

महिन्यापूर्वीपर्यंत सगळं सुरळीत होतं. भोंगा आपला कापडी ससा गालाला लावून आईच्या मांडीवर पेंगायचा आणि आई क्लासच्या बाकावर बसून ऐकायची. मग ससा हरवला. सगळ्यांनी मिळून घर पालथं घातलं. सर्वांत जास्त शोधलं ते मोठीने. तिने तर फ्रीजसुद्धा उघडून पाहिला. नवा ससा आणला, तर भोंग्याने त्याचा वास घेतला आणि खिडकीतून खाली सोडून दिला. तेव्हापासून घराबाहेर पाऊल पडलं की त्याचा जो सूर लागायचा, तो परत येईपर्यंत उतरायचा नाही.

त्याच आठवड्यात मोठीने निरोप आणला. "क्लासच्या बाई म्हणाल्या, याला घेऊन वर येऊ नका. सगळ्यांचं लक्ष उडतं."

आईला कानकोंडं झालं. पण बरोबरच होतं बाईंचं. घरी तरी कुठे सराव होत होता? शेवटी मोठीच म्हणाली, "मी क्लासमध्येच अर्धा तास जास्त थांबत जाईन."

शहाणी पोर.

पैजेच्या त्या शुक्रवारीही मोठी आणि मधला, दोघं वर गेली आणि आई भोंग्याला घेऊन खाली फुटपाथवर येरझाऱ्या घालू लागली. भोंग्याने केळं तिच्या केसांत पुसलं. डावा बूट गटारात फेकला. उजवा फेकण्याआधी तिच्या खांद्याला चावून घेतलं.

"भूक लागली असेल हो त्याला," जाता जाता एक बाई म्हणाली.

"हो, माझीच लागलीय," आई म्हणाली.

वर कुणीतरी ड्रम बडवत होतं. या धुमाकुळात माझी पोर सूर कशी लावत असेल, आईच्या मनात आलं. तिने मान वर केली आणि तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाई दिसल्या. दर वेळेसारखाच त्यांनी हात बाहेर काढून पंजा जोरजोरात हलवला.

"कळलं हो, कळलं," आई पुटपुटली. म्हणजे इथेही आवाज जातोच! तिने भोंग्याला बगलेत मारलं आणि जवळजवळ पळतच कोपरा ओलांडला. पुढच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली. भोंगा रडत होताच. मग तीही रडली. दोघांनी मिळून चांगला पाऊण तास काढला.

रात्रीच्या जेवणाला मोठी दोन चमच्यांनी टेबलाच्या कडेवर काहीबाही वाजवत होती. भोंगा उंच खुर्चीत मुसमुसत होता.

"हाताला काय झालं गं?" बाबांनी विचारलं. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी मोठा फोड आला होता.

"सराव," मोठी म्हणाली.

आईचा जीव गलबलला. ती मधल्याकडे वळली. हा चहाडीशिवाय अन्न न पचणारा मुलगा, पण गेला महिनाभर ताईबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. "तू ऐकतोस ना रे? कशी वाजवते ताई?"

मधल्याने विचार केला. "जोरात," तो म्हणाला आणि पुन्हा ताटात डोकं घातलं.

आईने हातातला घास खाली ठेवला.

"मी उद्या सुट्टी टाकते," ती म्हणाली. "एकटी जाते क्लासला. बाईंची माफी मागते, पाया पडते. या कार्ट्याच्या रडण्यापायी पोरीची परीक्षा बिघडायला नको. म्हणावं, रविवारी निदान दाराबाहेर उभं राहून ऐकू द्या. महिना झाला हो, एक सूर ऐकला नाही मी तिचा."

चमचे थांबले.

मोठी उठली. आतून व्हायोलिनची पेटी आणून तिने ती ताटांच्या मधोमध ठेवली.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय. आधी सगळं ऐकायचं, मग ओरडायचं."

तिने झाकण उघडलं. भोंगा एकदम गप्प झाला. पेटीत व्हायोलिन नव्हतं. ड्रमच्या दोन काड्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, एक कान चोखून चोखून काळा पडलेला ससा.

"तुझे पाय दुखतील म्हणून बोलले नाही," मोठी म्हणाली. "व्हायोलिन मी सोडलंय. रविवारी ड्रमची परीक्षा देणार आहे, आणि तू आत बसूनच ऐकायचंस. बाई खिडकीतून तुला जा म्हणत नाहीत गं, आई. महिनाभर वर ये म्हणताहेत."