अर्धा मुळा

जपानमधल्या ओकायामातलं आमच्या परदेशी कंपनीचं सुपरमार्केट काल कायमचं बंद झालं. मी तिथला मॅनेजर. "इथे एकटी राहणारी माणसं फार. दंडाएवढा मुळा अर्धा कापून विकू या," असं साहेबांना सांगून सांगून तोंड दुखलं. त्यांचं एकच, "जगभर आपला गठ्ठाच खपतो!" अर्धा मुळा मिळायचा तो समोरच्या ओगुराच्या दुकानात.

रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे दारात कमरेत वाकून उभे राहिलो. शटर हळूहळू उतरू लागलं. गर्दीत सर्वांत पुढे माझी आई, हुंदके देत.

"तुझं दुकान सोडून कधी कुठे पाऊल टाकलं नाही रे, कोहेई! आता मी कुठे जाऊ?"

माझेही डोळे भरून आले. वाकलेलो होतो, त्यामुळे मला फक्त तिच्या हातातली पिशवी दिसत होती.


पिशवीतून अर्धा मुळा डोकावत होता.