समोरची भिंत

हात लांब केला तर लागेल इतकी समोरची भिंत जवळ होती. भिंतीवर गंजका पाइप, पाइपाच्या सांध्याखाली ओलीचा डाग. ब्रश अडला की चित्रकार त्या डागाकडे बघत बसे. त्या डागाचं त्याला मनातून जरा कौतुकच होतं.

चाळीस वर्षं त्याने अशाच एका भिंतीसमोर बसून समुद्र काढला होता, लहानपणी सुटलेला. शहरातल्या बड्या गॅलरीत भलेभले त्या लाटांसमोर डोळे पुसत. गेली दोन वर्षं, इथे राहायला आल्यापासून, मात्र एक लाट धड उतरली नव्हती. हात पार आखडला होता. या महिन्यात चित्र आलं नाही तर तुमची जागा दुसऱ्याला देऊ, असं गॅलरीच्या मालकिणीने गोड शब्दांत कळवलं होतं. त्याने हसण्यावारी नेलं, पण धसका घेतला तो घेतलाच. दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

दहा दिवस तो खोलीत ठाण मांडून होता. आज कुठे हात सुटला होता.

ट्रकचा हॉर्न वाजला. आता स्कूटर, मग शेजारचं दार आपटेल. तसंच झालं. त्याला हायसं वाटलं.

बायको चहा घेऊन आली आणि तिने पायानेच दार चटकन लोटलं.

"पाय झटकून येत जा म्हणून किती वेळा सांगू? वाळू सगळी," तो म्हणाला.

"झटकलेत हो. दारात ढीगच्या ढीग पडलेत, त्याला मी काय करू?"

मग तिची नजर चित्रावर गेली. लाट फुटायच्या बेतात होती.

"कसं वाटतंय?" त्याने भीतभीत विचारलं.

"जमलंय."

"माझ्या समाधानासाठी म्हणतेस."

"अहो, खरंच. तुम्हाला दिसत नाही तेच तुम्हाला काढता येतं. लग्नाआधी माझं केवढं सुंदर चित्र काढलं होतंत."

"आणि नंतर?"

"नंतर मी समोरच होते ना."

तो खळखळून हसला. असा तो दोन वर्षांत हसला नव्हता, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने कोपऱ्यात सही केली.

"झालं?"

"झालं."

"मग आता जरा हवा येऊ दे आत."

तिने कपाटावरची टेप बंद केली. ट्रकचा हॉर्न अर्ध्यातच थांबला. मग तिने खिडकीपाशी जाऊन समोरची भिंत, पाइप आणि ओलीच्या डागासकट, दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलली आणि कोपऱ्यात टेकवून ठेवली. बाहेर, हात लांब केला तर लागेल इतका जवळ, समुद्र होता.