तेरा दिवसांची करकर

ता. १. सकाळी सहा ते बारा. घाण्याची करकर. असह्य.

ता. २. सकाळी सहा ते बारा. घाण्याची करकर. असह्य.

ता. ३.

बाळाजी शेटने कागदावरून मान वर केली. "पुढं सगळं हेच हाय की काय?"

"तेरापर्यंत," कोंडाजी मास्तर म्हणाले. "एक दिवस सुटलेला नाही. तारखात्यात चोवीस वर्षं काढली आहेत मी. नोंद म्हणजे नोंद."

रविवारची सकाळ. फेब्रुवारी १९२६. शेट नागावहून दर रविवारी आपल्या रेवदंड्याच्या चाळीवर चक्कर टाकी. आज त्याला अंगणातल्या बाकावर बसवून मास्तर समोर बसले होते. त्यांच्या कोपराशी बायको, कोकिळाबाई. आणि खांबाला टेकून हसाजी थळकर. घाणा त्याचा होता.

हसाजी तळमजल्यावर राही, मागच्या पडवीत तेल गाळी. मास्तर बरोबर त्याच्या डोक्यावर. दिवाळीत ते बदलून आले आणि पौषात तक्रारी सुरू झाल्या. पोस्टाच्या पायरीवर, बाजारात, धक्क्यावर, भेटेल त्याला मास्तर घाणा ऐकवत, तोही अशा आवाजात की खाडीपलीकडे जावा. कान किटले म्हणत. डोकं उठलं म्हणत. तार घेताना यंत्रावर डाव्या हाताचं बोट टेकवायची त्यांची लकब जशी गावाला ठाऊक झाली होती, तशी ही तक्रारही.

चाळीत कोणी खालून हाक मारली तर मात्र ते ओ देत नसत. मास्तर ताठ आहेत, असं चाळीचं मत होतं. बायको चांगली. हसाजीची बायको मिलका बाळंतपणात अडली तेव्हा दोन दिवस तिच्या उशाशी कोकिळाबाईच बसली होती.

"मला फक्त तुमची सही हवी," मास्तर म्हणाले. "खाली लिहा, घाण्याचा आवाज मास्तरांस रोज छळतो, तक्रार खरी आहे. उद्या मुंबईहून साहेब येतायत, यंत्रांची नि माणसांची तपासणी करायला. त्यांच्यापुढे ठेवायचा आहे कागद. राहायला खात्याची जागा तरी मिळेल."

"पेन्शनीला दोनच वर्षं राहिलीत," कोकिळाबाई हळूच म्हणाली. "तेवढी नीट जाऊ देत, शेट."

"सही केली की मला हातपाय हलवावे लागतील. तक्रार खरी, मग घाणा ठेवलास कशाला, असं उद्या कोणीबी विचारील." शेट हसाजीकडे वळला. "चौलला मेव्हण्याची वाडी हाय ना तुझी? शिमग्याआधी ने तिकडं."

"शेट, घाण्याची उखळ माझ्या बापानं जमिनीत पुरलीय. उकरली तर दगड फुटंल. नवा दगड कुठनं आणू? आन् घाणा काय मुका चालतो व्हय?"

"बैलाला सांग, चवड्यावर चाल म्हणावं."

शेट आपल्याच विनोदावर हसला. त्याच्या तोंडाकडे बघत मास्तरही हसले. मग उठून कुंपणाशी गेले आणि पाठ करून खाडीकडे बघत उभे राहिले. त्यांच्या बाजूने बोलणं संपलं होतं.

"बघू तो कागद," हसाजी म्हणाला. तो मराठी चौथी शिकला होता. त्याचं बोट ओळीओळीने खाली सरकलं आणि थांबलं.

"शेट, सहा तारखेला वार कुठला?"

"मला काय ठाऊक?"

"शनवार. आन् तेराला, म्हंजे काल. तोबी शनवारच."

शेटने कागद ओढून घेतला.

हसाजीच्या लोकांना, कोकणातल्या यहुद्यांना, गाव शनवारतेली म्हणे ते उगीच नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की घाण्याचा बैल सुटे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत जुंपला जात नसे. चूलसुद्धा पेटत नसे. आजोबाच्या वेळेपासून घराने एक शनिवार मोडला नव्हता. कोणी मोडलाच असता, तर जमातीतल्या चार माणसांनी त्याच्या ओट्यावर पाय ठेवला नसता.

"म्हणजे मास्तर बसून खोटं लिहितात!" शेट उठला. "काय हो मास्तर? बंद घाण्याची करकर ऐकता होय?"

मास्तर वळले नाहीत.

"वैतागलेत ते," कोकिळाबाई घाईने म्हणाली. "झोप नाही त्यांना."

"थांबा. समोरच्या दुकानात कॅलेंडर हाय. बघूनच येतो. मग फाडतो हा कागद."

कागद बाकावर टाकून शेट निघाला; त्याच्या वहाणा फटफट वाजत रस्त्याकडे गेल्या. हसाजीने श्वास सोडला. बापाची उखळ जागेवर राहणार होती. या माणसाला आता चार शब्द सुनवायचे, असं ठरवून तो कुंपणाकडे निघाला.

दोन हात अंतरावर तो थांबला. मास्तरांची पाठ तशीच होती. शेट एवढं ओरडला, तरी मानेवरची शीरसुद्धा हलली नव्हती. हसाजीने एकदा पाठीकडे पाहिलं, एकदा कोकिळाबाईकडे.

"मास्तर," तो म्हणाला, "पायाशी साप हाय."

मास्तर खाडीतलं गलबत बघत राहिले.

कोकिळाबाईने त्यांच्या पायाशी पाहिलं नाही. तिने हसाजीकडे पाहिलं आणि हात जोडले.

शेट रस्त्यातूनच ओरडत आला. "सहाला शनवार! तेराला शनवार! हसाजी, तू सुटलास. आण, फाडतो."

हसाजीने बाकावरचा टाक दौतीत बुडवला आणि शेटच्या हातात दिला.

"सही करा, शेट," तो म्हणाला. "त्या दोन्ही शनवारी मी घाणा चालवला व्हता."