जमा बंदूक

पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला, तसा बाबल सावंतवाडीच्या दुकानात जाऊन बसला. रानडुकरं भाताच्या पार पलीकडच्या टोकाला उतरत. तिथवर छर्रे विखरून जातात, म्हणून त्याने लांब नळीची बंदूक आणि एकेरी गोळीची काडतुसं पारखून घेतली.

घरी पोचतो तर पोलीसपाटील दारात.

"निवडणूक लागली रे. बंदूक ठाण्यात जमा कर."

"आणि डुकरांचा काय?"

"त्यांका आचारसंहिता लागू नाय."

बंदूक कोऱ्या गवसणीसकट ठाण्यात गेली.

संध्याकाळी पलीकडे पिकलेलं भात आडवं होत होतं. बांधावरून बाबलने काठी खांद्याला लावली, नेम धरला आणि तोंडानेच "ठो" म्हटलं.

एका डुकराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भातात तोंड घातलं.