हरवलेला पाना

ओहोटी लागली तरी नात होडी सोडू देईना, म्हणून देवकाबाई तडतडत होत्या. विमानाची मेकॅनिक झालेली ही नात, प्रणिता, सुट्टीत बेटावर आली होती. तिला अंदमानात नोकरी मिळत होती, पण तिनं घरची होडी सोडून जायला आजीचा नकार होता. आज होडीचं इंजिन प्रणितानं दुरुस्त केलं, तर एक पाना सापडेना.

"आजी, पाना आत राहिला तर विमान पडतं. सापडल्याशिवाय सोडत नाहीत."

"होडी आधीच पाण्यात आहे, पडणार कुठं?"

प्रणितानं फळ्या उचकटल्या, जाळी झटकली. पाना निघाला देवकाबाईंच्याच कमरेला. खेकड्याच्या नांग्या फोडायला त्यांनीच उचलून खोचला होता. होडीवरचे खलाशी खदाखदा हसले.

देवकाबाईंनी पाना तिच्या हातात आपटला. "जा बाय, अंदमानात विमानंच अडवून धर! इथं राहिलीस तर रोज आजीची झडती घेशील."