भुजंगरावांची शिळा

टेम्पोतली शिळा उतरवायला कोणी पुढे येईना.

सेतुमाधवरावांनी दुसऱ्यांदा हाक मारली. वडाखाली उभे असलेले चौघेजण पायांकडे बघत राहिले. कालच फोनवर याच चौघांनी शिळा उतरवायचं कबूल केलं होतं. सुंदर नावाचा पंचायतीतला माणूस मान पुसत जवळ आला आणि तमिळमध्ये म्हणाला, "अय्या, जरा थांबू या. गावातल्या म्हाताऱ्या पेच्चियम्माला बोलावणं धाडलंय. ती आल्याशिवाय हे लोक हात लावणार नाहीत."

तंजावूरजवळच्या पापनाशमपासून आत सहा किलोमीटरवरचं हे गाव. सेतुमाधवरावांच्या घराण्याची इथे कधीकाळी जमीन होती. ते स्वतः तंजावूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. राज्य बुडताना माणसं कशी वागतात, हा त्यांचा आवडता विषय. कोणी लढतं, कोणी सही करतं, कोणी घाईघाईनं नव्या धन्याची भाषा शिकतं, असं ते मुलांना सांगत. आणि कोणी दार लावून उभं राहतं, असं म्हणून ते भुजंगरावांची गोष्ट सांगत.

भुजंगराव त्यांचे आठव्या पिढीतले पूर्वज. मराठ्यांच्या तंजावूर राज्यात या गावाचे अंमलदार. सतराशे नव्याण्णव साली इंग्रजांच्या कंपनीनं सगळा मुलूख घेतला आणि राजाला फक्त किल्ला ठेवला. कंपनीचे लोक गावातलं धान्याचं कोठार ताब्यात घ्यायला आले, तेव्हा भुजंगरावांनी आठ दिवस चाव्या दिल्या नाहीत. नवव्या दिवशी, गावात रक्त सांडू नये म्हणून दिल्या. घरात हे असंच सांगत आले होते. इथेच गावाच्या वेशीवर एक जुना दगड होता. त्यावर हात जोडून उभा असलेला माणूस कोरलेला. गावकरी दर शुक्रवारी तिथे दिवा लावत. तो भुजंगरावांचाच, असं सेतुमाधवरावांच्या वडिलांनी सांगितलेलं. त्यावर नाव नव्हतं, म्हणून आज ही नावाची शिळा शेजारी बसवायची होती.

पेच्चियम्मा कालव्याच्या बांधावरून काठी टेकत आली. ऐंशी तरी असेल. तिनं शिळेवरून हात फिरवला.

"काय लिहिलंय?"

सुंदरनं तमिळ ओळी वाचून दाखवल्या. परकीयांपुढे न झुकलेले भुजंगराव, गावाचे रक्षणकर्ते.

"आमच्या दगडाशेजारी लावणार?"

"तो त्यांचाच दगड आहे, अम्मा," सेतुमाधवराव म्हणाले.

"नाही, अय्या. तो मुनियन. आमच्या घरातला."

ती खाली मातीत बसली. सेतुमाधवरावांची मुलगी नंदिता मोबाइलवर सगळं टिपत होती. तिनं मोबाइल खाली केला.

"त्या साली नदीला पाणी आलं नव्हतं," पेच्चियम्मा सांगू लागली. "कोठार भरलेलं होतं, कुलूप तुमच्या माणसाचं. मुनियनची दोन पोरं उपाशी मेली. त्याच्या कानावर आलं की गोरा साहेब आता राजा झालाय. नवा राजा ऐकेल म्हणून तीन दिवस चालत तो साहेबाच्या तंबूवर गेला. साहेबानं ऐकलं. लिहूनसुद्धा घेतलं."

"मग?" नंदितानं विचारलं.

"मग काय? साहेबाला कोठार पाहिजे होतं. तुमच्या माणसाला मुनियन पाहिजे होता. आठ दिवस निरोप येत-जात होते. नवव्या दिवशी साहेबानं मुनियनला बांधून पाठवलं, तेव्हा तुमच्या माणसानं चाव्या दिल्या." तिनं काठीनं जमीन दाखवली. "इथंच मारलं त्याला. साहेबाचे शिपाई तिकडं धान्य भरत होते."

टेम्पोचा ड्रायव्हरही खाली उतरून ऐकत होता.

सेतुमाधवरावांनी विचारलं, "याला पुरावा काय, अम्मा? एखादा कागद?"

"आमच्याकडं कागद कुठला, अय्या? आम्हाला लिहिता कुठं येत होतं? लिहिणारे तुम्ही."

त्यांनी मान हलवली. मग ड्रायव्हरकडे वळून ते म्हणाले, "गाडी वळव."

सुंदर मागे धावला. दुसरीकडे लावू, शाळेच्या आवारात लावू, म्हणू लागला. ते थांबले नाहीत. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

नंदिता त्यांच्याजवळ बसली. तिला यातलं काहीच कळेना. एखादी तारीख चुकली म्हणून तिचे अप्पा वर्तमानपत्राला चार-चार पत्रं लिहीत. पाहुण्यांशी जेवता जेवता भांडत. आज एका म्हातारीनं घराण्याची सगळी कथाच उलटी केली होती आणि त्यांनी एक शब्दही खोडून काढला नव्हता.

दोन्ही बाजूंना भाताची शेतं मागे जात होती. ड्रायव्हरला कळू नये म्हणून ती मोडक्यातोडक्या मराठीत बोलली.

"अप्पा, ती सांगते ते खरं नसेल पण. घरात मोडीतले कागद आहेत ना आपल्या? बघू या सगळे. तुम्ही वाचा, मी लिहून घेते. त्यात असेल तर असेल."

"मिळायचं नाही."

"न बघता कसं म्हणता?"



"त्याबद्दलचा एकच कागद होता," ते म्हणाले. "तुझं बारसं झालं त्या आठवड्यात मी तो वाचला. आणि जाळला."